व्हाइट हाऊस की काँग्रेस : एकच मिळणार असेल तर काय घ्याल?

एडिसनकर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

ऑफिसात आमचा डब्याचा एक कंपू आहे. दोन तेलुगू, एक गुजराती, एक पोलिश आणि मी. गेल्या गुरुवारी विषय निघाला अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या मध्यावधी निवडणुकांचा. पोलिश म्हणाला, विरोधकांनी हाऊस, म्हणजे अमेरिकी संसदेचं (काँग्रेसचं) खालचं सभागृह, जिंकलं की राष्ट्राध्यक्षांचे हात बांधले जातील. त्यावर रेड्डी म्हणाला, "हात बांधा नाहीतर पाय बांधा, पेन त्यांच्याच खिशात आहे." मग मी प्रश्न टाकला. समजा देव प्रसन्न झाला आणि एका पक्षाला म्हणाला, पुढची आठ वर्षं तुला एकच देतो. अध्यक्षपद घे, नाहीतर काँग्रेसची दोन्ही सभागृहं, हाऊस आणि सेनेट, घे. काय घ्याल? डबे संपले, मायक्रोवेव्हची रांग संपली, वाद काही संपला नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो : काँग्रेस. मला इथे मत नाही. २०१२ पासून राहतोय, ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे नंबर लावल्याची तारीख, मार्च २०१६ आहे. कर भरतो, शाळेच्या बेक सेलला चकल्या देतो, पण मत देत नाही. त्यामुळे या प्रश्नाकडे मी रांगेतून बघतो. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात बायकामुलंही मोजायची, आणि एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही. हे आकडे १९९० च्या कायद्यातले आहेत. तेव्हापासून किती अध्यक्ष आले नि गेले, आकडे जागच्या जागी. म्हणजे खरी किल्ली कुणाकडे?

तुमचं काय मत?

फटकळ

शीर्षकात 'काँग्रेस' वाचून धावत आलो. घोर निराशा.

चहाटळ

@फटकळ, मीही. टाळी द्या. आता आलोच आहे तर पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सदाशिव ते सॅन होजे

एडिसनकर, तुमच्या रेड्डीशी सहमत. राष्ट्राध्यक्षच. अनुभव सांगतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वडिलांच्या श्राद्धासाठी पुण्याला आलो होतो. पहिलंच वर्ष, म्हणून मुद्दाम सुट्टी काढून आलो. शनिवारी, २० तारखेला, सकाळी साडेसहाला उठलो तर फोनवर ४७ मेसेज. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर १,००,००० डॉलर फीचा आदेश शुक्रवारी संध्याकाळी निघालेला आणि रविवारी मध्यरात्रीनंतर लागू. भारतातली वेळ : रविवार सकाळी साडेनऊ. कंपनीच्या वकिलांचा मेल आलेला, त्याच्या आत अमेरिकेत पोचा.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. आई स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ भिजवत होती. तिला काय सांगू? एच-१बी म्हणजे काय हे तिला पंधरा वर्षांत कळलेलं नाही, एकदम एक लाख डॉलर कुठून कळणार! ती एवढंच म्हणाली, "पान वाढेपर्यंत तरी थांब." थांबलो नाही. मुंबईला निघालो, दुप्पट भावाने तिकीट काढलं, आणि रात्री दीडच्या सुमाराला विमानतळावर रांगेत उभा असताना खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना लागू आहे, आधीपासून व्हिसा असलेल्यांना नाही.

ना विधेयक, ना चर्चा, ना मतदान. एक सही. माझ्या वडिलांचं पान काकांनी वाढलं. आता मला सांगा, काँग्रेसने कधी कुणाला रात्री दीड वाजता विमानतळावर उभं केलंय का?

हिमगौरी

सदाशिवराव, वाचून वाईट वाटलं. आमच्या शेजारचं जोडपं तर मुलांना आजीकडे ठेवून निघालं होतं.

अभ्यासू अण्णा

उत्तम धागा. थोडं विस्ताराने लिहितो, कंटाळा आला तर सरकवा.

सदाशिवरावांचा अनुभव खराच आहे, पण त्यातूनच उलटा मुद्दा निघतो. जे एका सहीने आलं ते दुसऱ्या सहीने जातं. काँग्रेसचं तसं नाही. आपल्याच माणसांचा इतिहास बघा. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत यायचा कोटा मिळाला वर्षाला १००. शंभर! एका लग्नात याहून जास्त पंगती उठतात. १९५२ मध्ये काँग्रेसने देशवार कोट्यांची तीच पद्धत पुढे चालू ठेवणारा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना तो अन्यायाचा वाटला, त्यांनी व्हेटो म्हणजे नकाराधिकार वापरला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी व्हेटो उलटवला. बसले राष्ट्राध्यक्ष हात चोळत. पुढे १९६५ मध्ये काँग्रेसनेच ते कोटे मोडले आणि जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जाऊन सही केली. आज एडिसनच्या ओक ट्री रोडवर जी वडापावची दुकानं आहेत ती त्या कायद्याची नातवंडं. एच-१बी सुद्धा १९९० च्या कायद्यातलाच. तेव्हा काँग्रेस डेमोक्रॅटांची आणि सही करणारे बुश थोरले, रिपब्लिकन.

ओबामांचंही तसंच. पहिली दोन वर्षं दोन्ही सभागृहं हातात होती, तेव्हा मार्च २०१० मध्ये आरोग्यविम्याचा कायदा झाला. त्याच नोव्हेंबरात हाऊसमध्ये ६३ जागा गेल्या. उरलेली सहा वर्षं काय केलं? आदेश काढले. लहानपणी बेकायदा आलेल्या मुलांसाठी २०१२ चा आदेश निघाला, तो आजही कोर्टात लटकतोय. त्या मुलांच्या पालकांसाठी २०१४ चा निघाला, तो कोर्टाने अडवला आणि कधी लागूच झाला नाही. आरोग्यविमा मात्र इतके हल्ले होऊनही उभा आहे.

हिमगौरी

अण्णा, अभ्यासाला दंडवत. पण तुम्ही १९६५ आणि १९९० ची उदाहरणं देताय. त्यानंतर? काँग्रेस हातात 'असणं' म्हणजे काय ते तरी सांगा.

एडिसनकरांना आठवत असेल, ७ टक्क्यांची अट काढायचं विधेयक हाऊसमध्ये १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप गटावर पेढ्यांचे फोटो पडले होते. मग सेनेटमध्ये एकेका सेनेटरने अडवून धरलं. दीड वर्ष वाटाघाटी. शेवटी २ डिसेंबर २०२० ला सेनेटने एकमताने पास केलं, पण मजकूर बदलून. दोन सभागृहांचे दोन मजकूर, ते जुळवायला महिना, आणि जानेवारीत मुदत संपून दोन्ही विधेयकं कचऱ्यात. म्हणजे दोन्ही सभागृहं 'हो' म्हणाली आणि तरी काही झालं नाही. राष्ट्राध्यक्षांपर्यंत कागद पोचलाच नाही.

उलट माझी स्वतःची नोकरी बघा. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करायची परवानगी २०१५ मध्ये ओबामा प्रशासनाने नियम बदलून दिली. काँग्रेसला विचारलंही नाही. मी सात वर्षं घरी बसून पोरं, पोळ्या आणि वाचनालय करत होते. कार्ड आलं त्या दिवशी नवऱ्याने ते लॅमिनेट करायला काढलं, मी हातातून ओढून घेतलं. ते कार्ड मला काँग्रेसने दिलं नाही, अण्णा.

टेक्सासची ताई

+१ हिमगौरी. पहिल्या पगारातून काय घेतलंस?

हिमगौरी

ताई, प्रेशर कुकर. हसू नका. नवऱ्याच्या पैशाने घेतलेला होता तो आवडत नव्हता.

मुळामुठा

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. ज्याचं बहुमत त्याचा पंतप्रधान, राष्ट्रपती सही करणार. मिटलं.

विदर्भवीर

मिटलं? राज्यात राज्यपालांनी विधान परिषदेच्या १२ आमदारांची यादी नोव्हेंबर २०२० पासून किती दिवस दाबून ठेवली होती जी? आणि २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५:४७ ला राष्ट्रपती राजवट उठवली, तेव्हा तुमचं बहुमत साखरझोपेत होतं.

फटकळ

पण ऐंशी तासांत घरी गेलंच ना ते सरकार? आकडा नाही तर शपथ काय कामाची! म्हणजे विधिमंडळ जिंकलं.

विदर्भवीर

आकडा कुणाचा नि कोण कुठल्या हॉटेलात होतं त्यावर बोलू का मग?

व्यवस्थापन

राज्याच्या राजकारणासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे जावे. इथले सात प्रतिसाद उडवले आहेत.

अभ्यासू अण्णा

अवांतर असलं तरी एक धागा त्यातून ओढतो. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. व्हिप मोडला तर आमदारकी, खासदारकी जाते. अमेरिकेत असं काहीच नाही. म्हणून तिथे 'सभागृह आपलं' या म्हणण्याला फार अर्थ नसतो. २०१७ मध्ये ट्रंप यांच्याकडे तिन्ही होतं : व्हाइट हाऊस, हाऊस, सेनेट. आरोग्यविमा मोडायचं वचन होतं. २८ जुलैच्या रात्री दीडच्या सुमाराला त्यांच्याच पक्षाचे मॅकेन सेनेटमध्ये आले, हात पुढे केला आणि अंगठा खाली. ४९ विरुद्ध ५१. खेळ खलास. पुढे बायडन यांचं मोठं विधेयक त्यांच्याच पक्षाच्या मॅन्चिन यांनी डिसेंबर २०२१ मध्ये बुडवलं. वेस्ट व्हर्जिनियाचा एक सेनेटर, आणि सगळा देश त्याच्या तोंडाकडे बघत होता.

हिमगौरी, तुमच्या मुद्द्याला हा माझा अर्धा होकार समजा.

सातारी तर्री

आमच्या सोसायटीत चेअरमनला कोण विचारत नाय. चाव्या सेक्रेटरीकडं. मी सेक्रेटरीपद घेईन.

चहाटळ

@सातारी तर्री, आणि वॉचमन कुणाचं ऐकतो?

सातारी तर्री

वॉचमन दिवाळीला जो जास्त देतो त्याचं. तेवढं हितं लागू होतंय का बघा.

पॅरिसचा पाटील

अमेरिकेत हा प्रश्न नुसता डब्यावरचा आहे, फ्रान्सने तो जगून बघितलाय. इथे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि संसद दुसऱ्याची असा संसार तीनदा झाला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तरां यांच्या राशीला शिराक पंतप्रधान म्हणून आले, १९९३ मध्ये बालादूर. १९९७ मध्ये तर कमालच. शिराक स्वतः राष्ट्राध्यक्ष, संसदेत स्वतःचंच बहुमत, वर्षभराची मुदत शिल्लक. तरी उगाच हुशारी करून संसद बरखास्त केली आणि हरले. मग पाच वर्षं समाजवादी जोस्पँ पंतप्रधान. मी आज आठवड्याला ३५ तास काम करतो ना, तो कायदा त्या काळातला. राष्ट्राध्यक्षांना तो अजिबात आवडत नव्हता. परदेशी पाहुण्यांशी हस्तांदोलन करणं आणि मुलाखतीत नापसंती दाखवणं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

म्हणून २००० मध्ये सार्वमत घेऊन अध्यक्षांची मुदत सातची पाच वर्षं केली आणि संसदेची निवडणूक अध्यक्षाच्या पाठोपाठ ठेवली. वीस वर्षं बरं चाललं. मग मॅक्रॉन यांनी २०२४ च्या जूनमध्ये शिराक यांचीच चूक केली. आता ५७७ जणांच्या सभागृहात तीन तट आहेत आणि बहुमत कुणाकडेच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बार्निए पडले, सप्टेंबर २०२५ मध्ये बायरू पडले. माझ्या बिल्डिंगच्या जिन्यातला दिवा दुरुस्त व्हायच्या आत दोन पंतप्रधान गेले.

माझं उत्तर : संसद. पण 'संसद आपली' असली तर. कुणाचीच नसली तर राष्ट्राध्यक्षही बसून राहतो आणि आपणही.

टेक्सासची ताई

पाटील, ३५ तास???

पॅरिसचा पाटील

ताई, पगारही तसाच असतो.

एडिसनकर

वा! डब्याच्या टेबलापेक्षा इथे जास्त शिकतोय. हिमगौरी, ३६५-६५ ची जखम पुन्हा उघडलीत. त्या रात्री बायको म्हणाली होती, घर बघायला सुरुवात करू या. सुरुवात केलीही.

किमची आणि कोशिंबीर

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. ३ डिसेंबर २०२४ ला मी कामानिमित्त सोलजवळ सुवोनला होतो. रात्री साडेदहाला हॉटेलात टीव्ही लावला तर राष्ट्राध्यक्ष यून यांचं भाषण, मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल जाहीर. मला कोरियन येत नाही, मी समजलो बजेटवर बोलताहेत. खाली रिसेप्शनवरची मुलगी रडत होती तेव्हा कळलं.

संसदेत ३०० जागा, त्यात विरोधी आघाडीच्या १९२. यून यांचं काहीच पास होत नव्हतं, तो राग होता. रात्री सैनिक हेलिकॉप्टरने संसदेत उतरले. आणि खासदार? पोलिसांनी फाटक अडवलं म्हणून कुंपणावरून उड्या मारून आत गेले. सभापती ६७ वर्षांचे, तेही कुंपण चढून. विरोधी नेता चढता चढता फोनवरून लाइव्ह दाखवत होता. आत कर्मचाऱ्यांनी सोफे-खुर्च्या लावून दारं अडवली. रात्री एकच्या सुमाराला १९० खासदार हजर, १९० मतं मार्शल लॉच्या विरोधात. पहाटे साडेचारला यून यांनी माघार घेतली. १४ तारखेला महाभियोग, ४ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने पदावरून काढलं.

सैन्य राष्ट्राध्यक्षांचं, हेलिकॉप्टर राष्ट्राध्यक्षांची, आणि जिंकली संसद. सकाळी नाश्त्याला तीच मुलगी हसत उभी होती, वर म्हणाली, रात्रीच्या गोंधळाबद्दल क्षमस्व.

हिमगौरी

शेवटचं वाक्य! 

मुळामुठा

आणि न्यायालय यूनच्या बाजूने गेलं असतं तर? व्हेनेझुएलात २०१५ च्या डिसेंबरात विरोधकांनी १६७ पैकी ११२ जागा जिंकल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष मादुरोंनी काय केलं? संसदेचे निर्णय आपल्या न्यायालयाकडून रद्द करून घेतले, आणि २०१७ मध्ये शेजारी दुसरी घटनासभाच बसवली. ११२ जण घेऊन बसले विरोधक. कुंपणावरून उडी मारून आत जाता येतं, पण आत जाऊन केलेला ठराव कुणीतरी मानावा लागतो.

अभ्यासू अण्णा

मुळामुठा, अगदी नेमकं. श्रीलंकेत तर क्रम उलटा : २०२४ च्या सप्टेंबरात अनुरा कुमार दिसानायके निवडून आले तेव्हा २२५ च्या संसदेत त्यांचे खासदार होते ३. अध्यक्ष होताच संसद बरखास्त केली, नोव्हेंबरात १५९ आले. एडिसनकरांचा देव तिथे प्रसन्न झाला असता तर 'अध्यक्षपद द्या, संसद मी आणतो' हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. अमेरिकेत हा रस्ता बंद आहे, तिथे राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस बरखास्त करता येत नाही.

मिलवॉकीचा मामा

तुम्ही सगळे वॉशिंग्टनकडे तोंड करून बसलात. मी विस्कॉन्सिनमधून लिहितो. खरी सत्ता राज्याच्या विधिमंडळात, कारण मतदारसंघाच्या रेघा तेच मारतात.

२०१८ मध्ये आमच्याकडे डेमोक्रॅट टोनी एव्हर्स गव्हर्नर झाले. राज्य असेंब्लीला मिळून ५३ टक्क्यांच्या आसपास मतं डेमोक्रॅटांना, जागा ९९ पैकी ३६. रेघा अशा मारल्या होत्या की देवालाही जिंकता आलं नसतं. वर डिसेंबरात, नवे गव्हर्नर यायच्या आत, मावळत्या विधिमंडळाने रातोरात बसून त्यांचे काही अधिकार काढून घेतले. जावई मांडवात यायच्या आधी आहेराची पेटी उचलली.

पण गव्हर्नरही कमी नाही. विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरला अर्थविधेयकातला शब्द किंवा आकडा खोडायचा अधिकार आहे. २०२३ च्या बजेटमध्ये शाळांना दर विद्यार्थ्यामागे वाढीव निधी '२०२४-२५' पर्यंत, असं लिहिलं होतं. एव्हर्स यांनी पेन घेतलं, '२०' खोडलं, मधली आडवी रेघ खोडली. उरलं '२४२५'. म्हणजे ४०० वर्षं निधीवाढ! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते ग्राह्यही धरलं.

रेघा मात्र कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केल्या, तेव्हा कुठे २०२४ ला असेंब्ली ५४-४५ झाली.

सातारी तर्री

चारशे वर्षं!! मामा, ह्यो माणूस आमच्या तलाठी कार्यालयात पायजे होता.

फटकळ

तलाठी असता तर सातबाऱ्यावरचं कुठलं शून्य खोडलं असतं कल्पना करवत नाही.

बाल्टिमोरची बाई

पैशाच्या तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, असं सगळे पुस्तकी बोलतात. घरात भोगलेलं सांगते.

नवरा एका फेडरल खात्यात. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी काम बंद) आणि मग २०२५ च्या ४३ दिवसांच्या, दोन्हीत आमच्या घरी शून्य डॉलरची पगारपावती आली. पावती येते, बरं का! खाली आकडा शून्य. मागाहून सगळा पगार मिळतो, २०१९ पासून तसा कायदाच आहे, पण घराचा हप्ता मागाहून चालत नाही. दुसऱ्या खेपेला नवऱ्याने गराजमध्ये गल्लीतल्या सगळ्या सायकली दुरुस्त केल्या. मुलं येऊन विचारायची, काका उद्या पण घरीच का?

आता राजकारण बघा. पहिल्या वेळी भांडण मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या ५.७ अब्ज डॉलरचं. काँग्रेसने दिले नाहीत. ३५ दिवसांनी ट्रंप यांनी माघार घेतली. काँग्रेस जिंकली म्हणून आम्ही सुस्कारा सोडला. तीन आठवड्यांत त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि लष्कराच्या बांधकामाचे पैसे तिकडे वळवले. दोन्ही सभागृहांनी, सेनेट त्यांच्याच पक्षाची असताना, ती आणीबाणी उठवायचा ठराव केला. त्यांनी व्हेटो वापरला. दोन तृतीयांश जमले नाहीत. भिंत सुरू.

तर सांगा, किल्ली कुणाकडे होती?

अभ्यासू अण्णा

बाई, तुम्ही ज्या ठिकाणी आणून सोडलंत तिथेच या धाग्याची गाठ आहे असं मला वाटतं. आणि त्या गाठीत एक भारतीय वंशाचा पोरगा अडकलेला आहे. त्याची गोष्ट सांगतोच.

जगदीश राय चढ्ढा. केनियात जन्म, आईवडील भारतीय, हातात ब्रिटिश पासपोर्ट. ओहायोत शिकायला आला. १९७२ मध्ये विद्यार्थी व्हिसा संपला. केनिया घेईना, ब्रिटन ताटकळत ठेवणार. शेवटी इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्याची हकालपट्टी थांबवली. पण तेव्हाच्या कायद्यात एक खुट्टी होती : प्रशासनाने असा निर्णय घेतला तरी काँग्रेसचं एकच सभागृह साध्या ठरावाने तो रद्द करू शकत होतं. १९७५ च्या डिसेंबरात हाऊसने सहा जणांची नावं घेऊन तसा ठराव केला, फारशी चर्चाही न करता. त्यात चढ्ढा. तो लढला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७-२ ने निकाल दिला की असा सभागृहाचा व्हेटो घटनाबाह्य आहे. कायदा फिरवायचा तर दोन्ही सभागृहांचं मतदान हवं आणि राष्ट्राध्यक्षांची सही हवी.

चढ्ढा वाचला, चांगलंच झालं. पण दहावीस वर्षं काँग्रेस काय करत आली होती? आणीबाणी, युद्ध, शस्त्रविक्री, सगळीकडे अध्यक्षाला मोठमोठे अधिकार देऊन ठेवायची आणि दोरी स्वतःच्या हातात ठेवायची, की नको वाटलं तर साध्या बहुमताने ओढू. त्या निकालाने दोरी कापली गेली, अधिकार तिकडेच राहिले. म्हणून २०१९ मध्ये दोन्ही सभागृहं विरोधात असून आणीबाणी टिकली. अध्यक्षाचा व्हेटो उलटवणं किती अवघड : ओबामांचे १२ व्हेटो, एक उलटला. ट्रंप यांच्या पहिल्या कारकिर्दीत १०, एक उलटला. बायडन १३, एकही नाही.

म्हणजे काही नवं थांबवायचं तर काँग्रेसला नुसतं गप्प बसावं लागतं, एका सभागृहातलं बहुमतही पुरतं. पण अध्यक्षाने एकदा केलेलं थांबवायचं तर दोन तृतीयांश. एडिसनकर, तुमच्या देवाला विचारा, देतोस ती काँग्रेस साध्या बहुमताची की दोन तृतीयांशाची?

एडिसनकर

अण्णा, देव म्हणतोय साध्या बहुमताचीच.

अभ्यासू अण्णा

मग मी अध्यक्षपद घेतो. पहिल्या प्रतिसादातलं मत बदललं, नोंद घ्यावी.

चहाटळ

इंटरनेटवर माणसाचं मत बदललं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

टेक्सासची ताई

थांबा थांबा. 'काँग्रेस' असा एक गठ्ठा का करताय? मला हाऊस नको, व्हाइट हाऊसही नको, फक्त सेनेट द्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्कॅलिया फेब्रुवारी २०१६ मध्ये गेले. ओबामांनी गार्लंड यांचं नाव दिलं. रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांच्या सेनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही, ती जागा वर्षभर रिकामी ठेवली आणि पुढच्या अध्यक्षाने गॉर्सच नेमले. न्यायाधीश गिन्सबर्ग १८ सप्टेंबर २०२० ला गेल्या, त्याच सेनेटने २६ ऑक्टोबरला बॅरेट बसवल्या, निवडणुकीच्या आठवडाभर आधी. व्हाइट हाऊसमध्ये कोण ते बदललं, सेनेट तीच होती. आणि न्यायाधीश तहहयात बसतो.

मुळामुठा

ताई, मुद्दा जबरी. पण बॅरेट यांचं नाव सुचवायला व्हाइट हाऊसमध्ये आपला माणूस लागलाच ना? एकटी सेनेट खुर्ची रिकामी ठेवू शकते, तीवर कुणाला बसवू शकत नाही.

टेक्सासची ताई

रिकामी खुर्ची चार वर्षं सांभाळायची तयारी हवी फक्त. आमच्या सासूबाईंनी लग्नात तेच केलं होतं, मामेसासऱ्यांची खुर्ची शेवटपर्यंत कुणाला दिली नाही.

सदाशिव ते सॅन होजे

सगळं वाचलं. चढ्ढांचं माहीत नव्हतं. अण्णा, म्हणजे मला विमानतळावर उभं करणारा तो आदेशही काँग्रेसनेच १९५२ च्या कायद्यात देऊन ठेवलेल्या अधिकारावर काढलेला होता ना? परकीयांचा प्रवेश रोखायचा?

अभ्यासू अण्णा

हो. ट्रुमन यांचा व्हेटो उलटवून केलेला तोच कायदा.

फटकळ

काँग्रेसने अध्यक्षाला हरवून जो कायदा केला, त्याच कायद्याने अध्यक्षाने... जाऊ द्या, डोकं दुखलं. चहा टाकतो.

एडिसनकर

धागालेखक या नात्याने थोडं लिहितो. काल ही सगळी चर्चा डब्यावर वाचून दाखवली. रेड्डी खूश. पोलिश मित्राने कोरियाचा किस्सा दोनदा सांगायला लावला. त्याचे वडील १९८१ च्या मार्शल लॉमध्ये पोलंडमध्ये होते, तो बराच वेळ काही बोलला नाही.

माझं मत? मी अजून काँग्रेसवरच आहे, पण कारण बदललंय. माझी मुलगी नाशिकला जन्मली, तीन वर्षांची असताना इथे आली. आता अकरावीत आहे. २०३० मध्ये २१ ची होईल आणि माझ्या अर्जावरून तिचं नाव उतरेल. एज आऊट. सीएसपीएचं, म्हणजे मुलांच्या वयात थोडी सूट देणाऱ्या कायद्याचं, गणित मांडून पाहिलं, फार तर काही महिने पदरात पडतात. हे कुठलाही अध्यक्ष सहीने कायमचं सोडवू शकत नाही, तो फार तर दोन वर्षांची परवानगी देईल आणि पुढचा ती काढून घेईल. हिमगौरी, तुमचं कार्ड जपून ठेवा. सदाशिवराव, यंदा श्राद्धाला जाऊन या.

परवा तिने विचारलं, बाबा, मग मी कुठली? मी म्हटलं, आधी एसएटीचा, कॉलेजच्या परीक्षेचा, अभ्यास कर.

हिमगौरी

एडिसनकर, माझा थोरलाही त्याच वाटेवर आहे. २०३२. व्यक्तिगत निरोप करते, एक वकीलबाई चांगल्या आहेत.

टेक्सासची ताई

आमचं कॅनडाचं तयार करून ठेवलंय. वापरायला लागू नये एवढंच.

एडिसनकर

पाटील, तुमच्याकडे नागरिकत्वाला किती वर्षं लागतात?

पॅरिसचा पाटील

पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो. पण फ्रेंच नीट यायला हवं, परीक्षा घेतात.

एडिसनकर

नववीत फ्रेंच घे म्हणालो होतो. तिने स्पॅनिश घेतलं, सोपं आहे म्हणून.